चार माणसांचं वजन

“हे नट कुणी आवळलं?”

दस्तगीर मिस्त्रींनी खड्ड्यातून विचारलं, तेव्हा आम्ही चौघं वर उभे होतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, मधोमध माणूस उभा राहील एवढा खोल खड्डा, आणि त्या खड्ड्यावर आमची गाडी. सत्तावन्न सालची फियाट. तिच्या गोल पाठीमुळे सगळे तिला डुक्कर फियाट म्हणायचे. माझ्या तोंडून ते नाव कधी निघालं नाही. घरच्या वस्तूला असं हाक मारायला जीभ रेटत नसे. आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्याचं काही वाटत नसे. ते जनावरांचे डॉक्टर. “गुरांच्या डॉक्टरला याहून शोभेलसं वाहन कुठलं?” असं म्हणून स्वतःच हसायचे. याच गाडीतून तीस वर्षं ते गावोगावच्या गोठ्यांत गेले. सेवानिवृत्तीनंतर गोठे कमी झाले, पण दर रविवारी सकाळी बाही वर करून गाडीपाशी बसणं काही सुटलं नाही.

त्या दिवशी मात्र ते खड्ड्याच्या काठाशी हात मागे बांधून उभे होते. त्यांच्या शेजारी आमचे हे. माझ्याजवळ आमची मृणाल, तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. पौषातला रविवार होता. पौषातले रविवार मी लग्न झाल्यापासून करते. सकाळी सूर्याला अर्घ्य, दुपारी खिरीचा नैवेद्य, आणि दिवसातून एकदाच जेवण, तेही सूर्यास्ताच्या आत. खीर करून झाकून ठेवली होती. पाचपर्यंत घरी पोचायचं असं मनाशी धरलं होतं.

आम्ही तिथे का आलो होतो, ते सांगते. आठवड्यापूर्वी आप्पा मृणालला कॉलेजातून आणत होते. रंकाळ्याच्या वळणावर गाडी आपोआप डावीकडे ओढली गेली आणि एका गवळ्याच्या सायकलीला घासली. गवळी वाचला, पण दोन्ही कॅनमधलं दूध रस्ताभर झालं. गेले तीन-चार महिने गाडी अशीच ओढत होती, खड्ड्यात गेली की पुढून कुईकुई करत होती. त्या संध्याकाळी ह्यांनी आवाज चढवला नाही, पण जे बोलले ते आवाज चढवण्यापेक्षा वाईट होतं.

“आप्पा, मिस्त्रींना दाखवू. गाडीचं वय झालं म्हणून बिघडली असेल, तर होईल तो खर्च करू, गाडी राहील. पण तुमच्या हातून काही राहिलं असेल, तर मग किल्ली पुण्याच्या त्या सोहोनींना द्यायची. मुलीच्या जिवाशी खेळ नको.”

हे सोहोनी जुन्या गाड्या गोळा करणारे गृहस्थ. दोन वर्षं पत्रं पाठवत होते. रविवारी चार वाजता गॅरेजवर या, असं ह्यांनी त्यांना कळवूनही टाकलं होतं.

आप्पा इतकंच म्हणाले, “कबूल.”

तर मिस्त्रींनी विचारलेल्या प्रश्नावर एवढं सगळं टांगलेलं होतं. आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं.

“कुणी आवळलं म्हणजे?” हे म्हणाले. “काय झालंय?”

मिस्त्री शिडीवरून वर आले. साठीचे, पांढरी दाढी, कपाळावर चष्मा. हातात रबराचं एक कडं होतं, अंगठीसारखं, पण एका बाजूनं चिरलेलं आणि पिळवटलेलं.

“ह्ये बगा साहेब. पुढच्या चाकाचा जो आर्म असतोय, त्येच्या मुळाशी ह्ये रबर बसतंय. आर्म खालवर हलला की ह्ये थोडं पिळतंय, पुन्हा सरळ हुतंय. आता चाकं जॅकवर हवेत लटकत असताना नट आवळला, तर रबर त्याच जागी पकडलं जातंय. मग गाडी खाली घ्या, वजन पडलं, आर्म वर गेला, की रबर पिळलंच म्हणून समजा. रातंदिस पिळल्यालं. मान वाकडी करून झोपल्याला माणूस असतोय न्हवं, त्येच्या गळ्याला तशीच फळी बांधल्यागत.”

“मग आवळायचं कसं?” मृणालनं विचारलं.

“चाकं जमिनीवर टेकवून. आत चार माणसं बसवून. गाडी रस्त्यावर जशी असती, तशी करून. हे डाक्टरांना ठावं हाय. मीच शिकवलंय त्येंना, पंचवीस वर्सं झाली.”

बोलता बोलता त्यांची नजर आप्पांकडे गेली. आप्पा जमिनीकडे बघत होते.

“म्हणजे आप्पांनीच,” हे म्हणाले. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. “मी म्हणत होतो. चुका व्हायला लागल्यात. हात चालत नाहीत आता.”

“हात?” मिस्त्रींनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “हाताला काय झालंय? साहेब, डावी बाजू मी मुद्दाम खोलली न्हाई अजून. खाली येऊन बगा. नट असं आवळल्यात की उजवीकडचं सोडवताना मला घाम फुटला. नट सुटू नये म्हणून घातल्याल्या पिना बगा, दोनी कान कसं सारखं वळवल्यात. ह्याच हातांनी माझ्या म्हशीचं आडवं आल्यालं रेडकू भायेर काढलंया. हाताचं नाव घेऊ नका.”

“मग चुकलं काय?”

मिस्त्रींनी ते रबर उलटसुलट करून पाहिलं. “हात न्हाई चुकलं,” ते म्हणाले. “माणसं कमी पडली.”

इथे मला थोडं मागं जायला हवं.

माझ्या सासूबाई, माई, होत्या तोवर आमच्याकडे वर्षातून एकदा श्रावणातल्या रविवारी हा नट आवळायचा सोहळाच असायचा. अंगणात दोन लाकडी ठोकळे होते, त्यांवर पुढची चाकं चढवायची. आप्पा खाली शिरायचे आणि घरातल्या चौघांनी गाडीत जाऊन बसायचं. पुढे डावीकडे माई. ती जागा त्यांची. त्या नुसत्या बसत नसत. मांडीवर सूप घेऊन कोथिंबीर निवडत. आप्पा खालून पान्यानं दोनदा ठक-ठक करत आणि हजेरी घेतल्यासारखे विचारत, “मागं उजवीकडं?” “आहे!” “मागं डावीकडं?” “आहे!” शेवटी “पुढं डावीकडं?” म्हणाले की माई म्हणायच्या, “बसलेय हो, उठणार कुठं!” मगच पाना फिरायचा. मृणाल लहानपणी त्या एका दिवसाची वाट बघायची. गाडी तसूभर हलायची नाही, पण तिला ती सहल वाटे.

माई गेल्या, आणि नंतरच्या तीन वर्षांत सोहळा आपोआप बंद पडला. कुणी ठरवून बंद केला असं नाही.

मग त्या पौषाआधीच्या श्रावणात आप्पांनी पुढची रबरं बदलायला काढली. रविवार होता. सकाळी त्यांनी आधी ह्यांना विचारलं. ह्यांना बँकेच्या कुठल्या बैठकीला जायचं होतं. म्हणाले, पुढच्या रविवारी बघू. मृणालची मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची घाई होती. मग आप्पा देवघराच्या दाराशी आले.

मी त्या चातुर्मासात लाखवातीचं व्रत घेतलं होतं. रोज पहाटे ठरलेल्या वाती वळायच्या, वळताना बोलायचं नाही आणि मोजणी पुरी झाल्याशिवाय आसनावरून उठायचं नाही. त्या दिवशी सहाशेच्या पुढे गेले होते.

“मंदा,” आप्पा दारातून म्हणाले, “पंधरा मिनिटं गाडीत बसतेस का? तू बसलीस की शेजारच्या पोरांना हाक मारतो. घरचं कुणी असलं की ती बसतात.”

मी मान वर केली नाही. हातानं ‘थांबा’ अशी खूण केली. ते थोडा वेळ थांबले. त्यांच्या चपला मला दिसत होत्या. मग त्या वळल्या आणि गेल्या.

मोजणी संपवून मी उठले तेव्हा दुपार होत आली होती. स्वयंपाक, नैवेद्य, आरती. अंगणातून पान्याचा आवाज येत होता. मागाहून कळलं की एका गावाहून निरोप आला होता, गाय अडली होती, गाडी लगेच हवी होती. एकट्याला ती ठोकळ्यांवर चढवणं जमलं नाही, म्हणून त्यांनी जॅकवरच हवेत नट आवळले आणि गेले. गाय वाचली. त्या रात्री जेवताना ते गायीबद्दलच बोलले. माझ्या खुणेबद्दल ना तेव्हा बोलले, ना गवळ्याची सायकल पडल्यावर, ना ‘कबूल’ म्हणताना.

गॅरेजात त्यांच्या झुकलेल्या मानेकडे बघताना त्या चपला पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर आल्या.

“आप्पांनी मला बोलावलं होतं,” मी म्हणाले.

माझा आवाज मुळातच खालचा. माहेरी म्हणायचे, मंदाचं बोलणं तिच्या शेजारच्यालाच ऐकू येतं. शेजारच्या शेडमध्ये लोखंड कातायचा लेथ चालू होता.

“काय म्हणालीस?” ह्यांनी विचारलं.

“वैनी, जरा मोठ्यानं बोला,” मिस्त्री म्हणाले. “त्यो लेथ काय ऐकू देत न्हाई.”

तेव्हा जन्मात बोलले नव्हते एवढ्या मोठ्यानं मला ते बोलावं लागलं. “आप्पा मला बोलवायला आले होते! गाडीत बसायला! मी उठले नाही! वाती मोजत होते!”

नेमका त्याच क्षणी लेथ थांबला. ‘वाती मोजत होते’ हे सगळ्या उद्यमनगराला ऐकू गेलं असेल. पलीकडून दोन कामगार डोकावले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण एकदा तोंड उघडलं होतं. मी आप्पांकडे वळले. “चूक माझी आहे. तुम्ही का नाही बोललात?”

“अगं, देवाच्या कामात होतीस तू,” आप्पा म्हणाले. “त्याची काय तक्रार करायची?”

हे त्यांनी इतकं साधेपणानं म्हटलं की मला रडू आलं. टोमणा असता तर सोसला असता.

“मलाही विचारलं होतं,” मृणाल हळूच म्हणाली.

ह्यांनी रुमाल काढून चेहरा पुसला. म्हणाले, “पुढच्या रविवारी म्हणालो होतो मी.”

“हो,” आप्पा म्हणाले.

“किती रविवार झाले मग?”

“मी नाही रे मोजले. मोजायचं खातं मंदाकडं आहे.”

पहिल्यांदा मृणाल हसली, मग मिस्त्री, मग हेसुद्धा. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मीही हसत होते.

मिस्त्री पुन्हा खाली उतरले आणि डाव्या बाजूला लागले. आम्ही बाकावर बसून राहिलो. घरी जायचं कुणी नाव काढलं नाही. चारच्या सुमाराला रिक्षातून एक गृहस्थ उतरले. सफारी, डोक्याला टोपी, चांगले भरभक्कम.

“नमस्कार. मी सोहोनी, पुण्याहून. गाडी बघायला आलोय.”

ह्यांनी आप्पांकडे बघितलं. कबुली तर झाली होती. नट आप्पांनीच चुकीचे आवळले होते. दिलेल्या शब्दाप्रमाणे किल्ली जायला हवी होती, आणि आप्पा शब्द फिरवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी खिशातून किल्ली काढून हातात धरलीसुद्धा.

“बघा की, सावकाश बघा,” मिस्त्रींनी खड्ड्यातून आवाज दिला. “पर आधी एक सांगा. वजन किती तुमचं?”

“माझं?” सोहोनी गोंधळले. “ब्याऐंशी किलो.”

“झ्याक. जाऊ नका कुठं.”

नवी रबरं बसून, नट हातानं लावून, गाडी चाकांवर उभी व्हायला साडेपाच वाजून गेले. शेडच्या दारातून आत आलेलं ऊन लांबट होऊन गाडीच्या बॉनेटवर पडलं होतं. मिस्त्री वर आले, हात पुसले आणि म्हणाले, “चला, बसा. साहेब गाडी चालवायच्या जागी. पाव्हणं मागं उजवीकडं. ताई, तुमी मागं डावीकडं. वैनी, पुढं.”

“आणि मी?” आप्पांनी विचारलं.

“तुमी खाली या, डाक्टर. पाना तुमी मारा. मी बत्ती धरतो.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी आप्पांच्या हातातली किल्ली घेतली, त्यांचा कोट काढून आपल्या हातावर घेतला आणि त्यांना शिडीपर्यंत सोडून आले.

मी पुढचं दार उघडलं. बावीस वर्षं त्या घरात राहत होते, पण त्या जागेवर कधी बसले नव्हते. बसताना एकदा वाटलं, माई म्हणतील, जरा सरक. दारातलं ऊन तांबूस व्हायला लागलं होतं. घरची झाकलेली खीर आठवली. आत्ता उठून रिक्षा केली तर वेळेत पोचले असते.

मी दार लावून घेतलं.

खालून ठक-ठक झालं.

“मागं उजवीकडं?” आप्पांचा आवाज आला.

सोहोनींना काही कळेना. मृणालनं त्यांना कोपरानं हळूच ढोसलं. “‘आहे’ म्हणा.”

“आहे!” सोहोनी ओरडले.

“मागं डावीकडं?”

“आहे!”

“चालकाच्या जागी?”

“आहे, आप्पा,” हे म्हणाले.

मग खाली शांतता झाली. आप्पा विचारायला विसरले असं नव्हतं. चार वर्षांत त्यांनी तो प्रश्न कुणाला विचारला नव्हता. मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसले होते.

“पुढं डावीकडं?” अगदी हळू.

“बसलेय,” मी म्हणाले. लेथ पुन्हा सुरू झाला होता, म्हणून मोठ्यानं म्हणाले. “बसलेय हो आप्पा, उठणार कुठं!”

पायांखालच्या पत्र्यातून पाना नटावर बसल्याचं कळलं. मग जोर. गाडीला सूक्ष्म हिसका बसला आणि तिनं श्वास सोडावा तसं अंग खाली सोडलं. एक नट. मग दुसरा. मिस्त्री मधेमधे “बास... अजून इवलंसं... आता बास” म्हणत होते. आठ नट झाले. बॉनेटवरचं ऊन केव्हा निघून गेलं, ते मला कळलं नाही.

आप्पा वर आले ते घामानं डबडबलेले. गाडीच्या खिडकीतून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकदम दचकून म्हणाले, “मंदा, तुझा रविवार! सूर्य गेला की!”

“असू दे.”

“वैनी, उद्या येणार हाय त्यो परत,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी स्वतः कधी रोजा चुकवला नव्हता, हे मला माहीत होतं. म्हणूनच ते बोलणं मला धीराचं वाटलं.

सोहोनी मागून उतरले. गाडीभोवती फिरले, पुढच्या चाकावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

“दर खेपेला चार माणसं लागतात?” त्यांनी विचारलं.

“लागत्यात.”

“घरी आम्ही दोघंच असतो,” ते म्हणाले. “मुलगा दूर. बाकीची दोन कुठून आणायची?” त्यांनी टोपी नीट केली, आप्पांना वाकून नमस्कार केला, आणि रिक्षा शोधायला रस्त्याकडे गेले. मग ह्यांनीच त्यांना हाक मारून थांबवलं आणि गाडीतून स्टँडवर सोडू म्हणाले. आप्पांनी गाडी चालवली. ती सरळ सुतात गेली. घरी परतताना रंकाळ्याच्या वळणावर ह्यांनी नकळत स्टिअरिंगकडे हात नेला, आणि मागे घेतला.

त्या रात्री मी जेवले नाही. आप्पांनीही ताट बाजूला सारलं. म्हणाले, भूक नाही. सकाळी मी सूर्याला अर्घ्य दिलं, देवाची क्षमा मागितली आणि खीर गरम करून आणली. आम्ही दोघं अंगणात, गाडीसमोरच्या पायरीवर बसून खीर खाल्ली. माझं व्रत मोडलं की पुरं झालं, हे मी कुणाला विचारलं नाही. इतकी गोड खीर मात्र मी पुन्हा कधी खाल्ली नाही.

वाटी खाली ठेवताना आप्पा म्हणाले, “मंदा, पुढच्या वेळी बसताना काहीतरी काम घेऊन बस. ती नुसती बसायची नाही.”

आप्पा त्यानंतर सात वर्षं होते. दस्तगीर मिस्त्री त्यांच्यानंतर गेले. दोघांचेही उपकार मी रोजच्या नमस्कारात आठवते. मिस्त्रींना तो चालला असता की नाही, देव जाणे. आता श्रावणातल्या एका रविवारी गाडीखाली हे शिरतात. मृणाल तिच्या दोन्ही मुलींना घेऊन येते. ठक-ठक होतं, हजेरी होते. पुढं डावीकडं मी असते, मांडीवर कापसाचं तबक घेऊन, आणि नट आवळून होईपर्यंत वाती वळते.

त्या वाती मी मोजत नाही.